महिना विचारला असता तर

(टोल्यांतील बचतगट प्रमुख व कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



पत्रिकेत माझा विषय ‘धोरणात्मक विचार’ असा छापला आहे. आपल्या टोल्यांत त्याला मागचा-पुढचा विचार म्हणतात. तो मी कसा केला नाही, ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी एका टोल्यात आम्ही शिवणवर्ग काढला. यंत्रे आणली, शिक्षिका नेमली, प्रार्थना करून उद्घाटन केले. महिना होता मे. तिसऱ्या दिवशी वर्गात फक्त शिक्षिका आणि मी! बाया पहाटेच तेंदूपाने तोडायला जंगलात, दुपारी पुडे बांधायला, संध्याकाळी फळीवर. पोरांच्या शाळेचा खर्च त्या थोड्या दिवसांच्या कमाईतून निघतो. बचतगटाची एक बाई म्हणाली, “ताई, महिना विचारला असता तर सांगितलं असतं.” ती दर बैठकीला माझ्यासमोर बसायची. आम्ही तिला सहीपुरतेच बोलावत होतो.

निर्गमच्या 18व्या अध्यायात मोशे एकटाच दिवसभर लोकांचे न्याय करत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगतो. पदविकेच्या वेळी मी यावर चांगला निबंध लिहिला होता. दहांवरचा नायक कसा दिसतो, हे मात्र मला त्या मे महिन्यात कळले.

मेंढा (लेखा) हे आपल्याच धानोरा तालुक्यातले गोंडांचे गाव. तिथे निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. पण अभ्यासगट वेगळा बसतो. त्यात बाहेरचा जाणकारही येऊन बोलतो, कोणीही शंका काढतो. निर्णय तिथे होत नाही. मला हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. ठरवायची घाई नसली की लाजणारा माणूसही तोंड उघडतो. वनहक्क कायदा 2006 चा. मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडले. इतका काळ टिकून राहायचे तर कायदा घराघरांत कळलेला हवा. एकट्या पुढाऱ्याच्या डोक्यात असता, तर तो थकला की सारे संपले असते.

आपल्या पुढच्या वर्षाचा आराखडा महिनाअखेर पाठवायचा आहे. दरवर्षी तो मी एका रात्रीत लिहिते. यंदा कागद कोराच आणला आहे. जेवणानंतर टोल्याटोल्याने बसा. आज ठरवायचे काही नाही. कोणता महिना कामाचा, कोण कधी मजुरीला बाहेर जाते, ती यंत्रे ठेवायची की परत करायची, एवढेच बोला. जो बोलेल त्याचेच शब्द वहीत लिहा. ‘नको’ म्हणालात तर ते वर मला सांगावे लागेल. त्याची थोडी भीती वाटते, पण सांगेन. यंत्रे अजून चादरीखाली झाकलेलीच आहेत.