कर्ता नसलेली बातमी



विषय दिलाय वृत्तपत्रं आणि यादवी. कुणी म्हणेल, यादवी अमेरिकेत झाली, १८६१ला. आपल्याला काय त्याचं? पण तिथंही तोफांच्या आधी छापखाने बोलले. गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या एलायजा लव्हजॉयला १८३७ला इलिनॉयच्या आल्टन गावात जमावानं गोळ्या घातल्या, त्याचं छपाईयंत्र फोडलं. आणि फुटून निघा, फुटून निघा म्हणत बसलेल्या 'चार्ल्सटन मर्क्युरी'नं दक्षिण कॅरोलायना फुटल्याबरोबर जादा अंक काढला. त्याचा छापखाना कुणी फोडला नाही!

आता आपलं. २७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. अन् गावं पेटली. पाटी बदलायची होती औरंगाबादला, घरं जळाली खेड्यातल्या शेतमजुरांची. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना ठार मारलं. इथं ४ ऑगस्टला आपले लोक रस्त्यावर उतरले, इंदोऱ्यात पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. अविनाश डोंगरे तर पोरगं होतं.

औरंगाबादचं दैनिक 'मराठवाडा' नामांतराच्या विरोधात होतं. संपादक अनंत भालेराव. निजामाविरुद्ध तुरुंग भोगलेला माणूस, ऐरागैरा नव्हे. म्हणूनच शब्दाला वजन. त्यांनी कुणाचं घर पेटवलं असं मी म्हणत नाही. पण मारणाऱ्याला एक सभ्य शब्द लागतो, अन् तो विरोधकांनी पुरवला: मराठवाड्याची अस्मिता. या अस्मितेत गावकुसाबाहेरची वस्ती धरलीच नव्हती. धरली असती तर ती जाळता आली असती का?

दुसरा शब्द 'दंगल'. दंगलीला दोन बाजू लागतात. इथं एक बाजू रॉकेल घेऊन आली, दुसरी पोरंबाळं घेऊन रानात पळाली. तरी बातमीत दंगल. गंमत अशी की आपणही अजून 'मराठवाड्याची दंगल'च म्हणतो. त्यांची भाषा आपल्या तोंडात!

१९२०ला 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नव्हती, तेव्हा हे काही नवं नाही. २००६ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झालं. २९ सप्टेंबरला एका घरातली चार माणसं मारली. सुरुवातीच्या बातम्यांत काय? अनैतिक संबंधाचा वास. नागपूर पेटल्यावर मग सगळ्यांना खैरलांजीचा रस्ता सापडला.

काहून असं होते, हे मला भाषणात सांगून तुम्हाला पटणार नाही. ग्रंथालयात जा. जुलै-ऑगस्ट १९७८च्या फायली मागा. देत नाहीत, तरी बसून राहा. घरे जळाली, तणाव पसरला, इसम मृत झाला, अशी वाक्यं सापडली की उतरवून घ्या. कुणी जाळली, कुणी मारलं, हे ज्या वाक्यात लिहिलंय ती वेगळ्या कागदावर. दोन्ही कागद पुढच्या बैठकीला घेऊन या.