मातीच्या नांदेतले मासे

बल्लारपुरातून बोलतोय, त्यामुळे बाहेर ऊन कसं आहे ते वेगळं सांगत नाही. पारा ४५च्या वर गेला की आपण कूलरसमोरून हलत नाही. पण घरातल्या माशांचं काय?

मागच्या मे महिन्यात आमच्या काचेच्या टाकीतले पाच मासे एका रात्रीत गेले. लाईन गेली, पंप बंद पडला, सकाळी सगळे उलटे तरंगत होते. भाचीने विचारलं, "मामा, त्यांना गरम झालं का?" मी हो म्हणून मोकळा झालो. खरं तर ते गुदमरले होते. २५ अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ला ७च. आणि पाणी तापलं की माशाला उलट जास्त ऑक्सिजन लागतो! त्यात रात्री पाणवनस्पतीही ऑक्सिजनच घेतात.

मग डोकं चालवलं. आपण प्यायचं पाणी माठात गार करतो, तर मासे काचेत का उकडायचे? कुंभाराकडून रुंद तोंडाची, साधारण ५० लिटरची नांद आणली. आतून-बाहेरून रंग नाही, पॉलिश नाही. पाणी पाझरलं पाहिजे. पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं, नांद सावलीत ठेवली. बाहेर ४४ असताना आत ३१. तोंड रुंद, म्हणून पंपाशिवायही हवा मिळते. मांजरासाठी वर जाळी. (कूलरची जुनी पत्र्याची टाकी वापरू नका, बरं का. पत्र्यावरचं जस्त पाण्यात उतरतं, ते माशांना विष.)

एक भानगड आहे. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आपल्या बोरचं पाणी आधीच जड. म्हणून नुसती भर घालून भागत नाही. आठवड्याला पाव पाणी काढून बदलायचं. नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून.

आत तळ्यातली हायड्रिला लावली, चांगली धुऊन, नाहीतर चतुराच्या अळ्या येतात आणि पिल्लं खातात. ही कल्पना माझी नाही. भंडारा-गोंदियातल्या माजी मालगुजारी तलावांत मनीष राजनकर आणि ढिवर समाजाच्या बायांनी बेशरम उपटून हायड्रिला, वॅलिसनेरिया पुन्हा लावली, कारण माशांना आसरा आणि अन्न तिथेच मिळतं. आपली नांद म्हणजे त्याच तलावाचं घरगुती पिल्लू.

मासे मात्र लगेच सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू मातीच्या खरखरीत भिंतीवर वाढायला महिना लागतो. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाका, तेच कुजून जिवाणूंना पोसतं. आधी दोन गप्पी, मग हळूहळू सात-आठ. जड पाणी त्यांना चालतं, डासांच्या अळ्याही खातात. पण त्या मूळच्या दक्षिण अमेरिकेच्या. जास्त झाल्या म्हणून वर्धा नदीत सोडू नका, आपल्या छोट्या माशांचं खाणं त्या पळवतात. म्हणून फक्त नर घ्या.

मीही फक्त नरच आणले होते. निदान विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं. काल भाचीने बावीस पिल्लं मोजली. कुणाला हवी असतील तर कळवा. पण नांद भरून महिना झालेला पाहिजे, ती स्वतः येऊन बघणार आहे.