स्क्रीन लावायचा, पण कुठे?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



पंचविसाव्या वर्षी आपण गेटवर पाहुण्यांच्या नोंदीसाठी टॅब आणि लॉबीत मोठा स्क्रीन बसवतोय. कुठला घ्यायचा, केवढ्याला, यावर सभेत भरपूर चर्चा झाली. माझा प्रश्न एवढाच, तो बसवायचा कुठे?

लोकलचं तिकीट आठवा. २०१४ साली यूटीएस अ‍ॅप आलं. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून तिकीट काढायला गेलं, की ते नकार द्यायचं. रुळांपासून लांब जा, मग तिकीट! टीसी दिसल्यावर घाईघाईने कोणी तिकीट काढू नये, म्हणून ही योजना. म्हणजे माणूस उभा कुठे आहे, हे पाहून फोन वागत होता.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ च्या पुस्तकात माणसामाणसांतली चार अंतरं मांडली. दीड फुटाच्या आत अगदी जिवलग, चार फुटांपर्यंत मित्रमंडळी, बारा फुटांपर्यंत कामापुरती ओळख आणि त्यापुढे सभा-समारंभ. मापं अमेरिकेतली. आपल्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ही चारही अंतरं चार बोटांत मावतात! पण तिथेही शेजारी मोबाइलमध्ये डोकावला, की आपण स्क्रीन वळवतोच. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात सॉल ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास हेच भान यंत्रांना दिलं. माणूस लांब असेल तर मोजकंच दाखवायचं, जवळ आला की तपशील.

आपणही तेच करू या. गेटवरचा टॅब असा वळवू, की आधी आलेल्या बाईंचा मोबाइल नंबर मागच्या माणसाला वाचता येणार नाही. पाणी कधी बंद, लिफ्ट कधी बंद, हे लॉबीच्या दारातूनच दिसेल अशा ठळक अक्षरांत लावू. थकबाकी मात्र ज्याची त्याच्या फोनवर कळवायची, चारचौघांत नाही. आणि व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचाही हात पोहोचला पाहिजे.

भिंतीला ड्रिल लावण्याआधी आठवडाभर तिथे त्याच मापाचा पुठ्ठा चिकटवा. आजी, नातवंडं, वॉचमनदादा, कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना समोर उभं करून विचारा. पुठ्ठा हलवायला काहीच खर्च नाही. भिंतीतलं भोक मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं.