दाराशी आलेला डोंगरातला ओढा

हैदराबादेत गौलीगुड्यातून अफझलगंजच्या दिशेने थोडं चाललं की मुसी नदी लागते. पुलावर आलो की आपला हात आपोआप रुमालाकडे जातो. नवा पाहुणा विचारतो, “हा नाला कुठला?” आणि आपणही ते चालवून घेतो. माझं म्हणणं एवढंच, की मुसीला नाला समजल्यामुळे आपलं नुकसान झालं आहे. मुळात ती डोंगरातला ओढा आहे आणि तिने तो स्वभाव अजून सोडलेला नाही.

शहराच्या पश्चिमेला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर विकाराबादजवळ अनंतगिरीचे डोंगर आहेत. माथ्यावर तांबडा जांभा दगड, भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या घट्ट थराशी अडतं आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. तिथे मुसी एका ढांगेत ओलांडता येते. पाणी नितळ, तळाला लाल खडे. बीदरचे भुयारी कालवे पाहिले असतील, तर जांभ्यातल्या पाण्याची ही करामत तुम्हाला नवी नाही.

याच डोंगररांगेतून कागना नदीही निघते. ती पश्चिमेकडे वळते, तांडूरवरून जाऊन भीमेला मिळते. म्हणजे पंढरपूरहून येणाऱ्या पाण्यात मिसळते. मुसी मात्र पूर्वेची वाट धरते, हैदराबाद ओलांडून नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते. भीमाही कृष्णेचीच. तेव्हा अनंतगिरीवर पाठ फिरवून निघालेल्या दोघी अखेर एकाच पात्रात येतात, आणि ते पात्र आपल्या महाबळेश्वरहून आलेलं असतं.

आता स्वभावाकडे येऊ. वरच्या अंगाला पाऊस कोसळला की खडकाळ उतारावरून पाणी धावतच खाली येतं. २८ सप्टेंबर १९०८ ला तेच झालं. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुढच्या वर्षी येऊन त्या पुराची कारणं तपासली. नदीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, त्यांतले २२१ फुटले होते! वरचा फुटला की त्याचा लोंढा खालच्यावर, असं करत सगळं पाणी शहरात आलं. सुमारे १५ हजार माणसं दगावली असं सांगतात. अफझलगंजला उस्मानिया इस्पितळाच्या आवारात चिंचेचं झाड आहे. त्याच्या फांद्यांवर दीडशेच्या आसपास लोक तगले.

विश्वेश्वरय्यांनी पुराला शहराच्या वरच अडवायचं सुचवलं. त्यातून मुसीवर उस्मानसागर झाला, १९२० मध्ये, आणि तिच्या जोडीच्या ईसी नदीवर हिमायतसागर, १९२७ मध्ये. दोघींचा संगम लंगर हौजला, बापूघाटापाशी. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या या धरणांनी पुढे शहराची तहानही भागवली. पण खाली पात्र कोरडं पडलं आणि त्यात शहराचं सांडपाणी येऊ लागलं. त्या पाण्याचाही माणसाने उपयोग केलाच. नागोलच्या पुढे काठाकाठाने पॅरा गवताची हिरवीगार शेतं आहेत. सकाळी कापलेल्या पेंढ्या, बुडख्याशी अजून ओल्या, गाडीवर रचून म्हशींच्या गोठ्यांकडे जातात. शहराच्या चहातलं थोडं दूध त्या गवताचं आहे, हे ऐकून कुणी कप खाली ठेवू नये.

नांदेड-लातूरकडच्या गाड्या ज्या महात्मा गांधी बसस्थानकात येतात, ते मुसीच्या पात्रातल्या बेटावर आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दोन्ही धरणांचे दरवाजे उघडले आणि त्या स्थानकात पाणी शिरलं. प्रवासी अडकून पडले. १९०८ साली काय आणि आता काय, दिवस नवरात्राचेच होते. परतीच्या पावसाचं हे वेळापत्रक शंभर वर्षांत बदललेलं नाही. बदललं ते पात्र. ते आपण भरत आणलं.

धरणांच्या वरच्या परिसराला जपण्यासाठी १९९६ मध्ये सरकारी आदेश निघाला. दहा किलोमीटरच्या टापूतल्या ८४ गावांत बांधकामावर बंधनं आली. पुढे ती उठवण्याचा खटाटोपही झाला. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं त्याच बाजूला घरं शोधताहेत, म्हणून एक विनंती. मोकळा, स्वस्त भूखंड दाखवला तर दलालाला जाऊ द्या आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला गाठा. पावसाळ्यात इथून पाणी कुठून जातं, एवढंच त्याला विचारा. त्याने भूखंडाकडेच बोट दाखवलं, तर विसार देऊ नका.