फळीवरची असई

निजामाच्या काळी आमच्या हिंगोलीत लष्करी छावणी होती. छावणी गेली; रिसाला, पलटण, तोफखाना ही नावे मात्र राहिली. दिवाळीत मातीचे किल्ले करणाऱ्या मुलांना म्हणूनच मी सांगतो, एकदा लढाईचे मैदान करून पाहा. आपल्या मराठवाड्यातलेच घ्या: जालना जिल्ह्यातली असई, 23 सप्टेंबर 1803.

पहिला मोठा देखावा करायचा तर आधी हिशेब मांडावा. बहात्तरास एक हे प्रमाण धरले, तर साडेपाच फुटी शिपाई इंचाहूनही थोडा कमी भरतो. आठ फुटी फळीवर रण मावते 576 फुटांचे. असईचे रण तर मैलांचे. तेव्हा सगळी लढाई मांडू नये, एक कोपरा निवडावा. थर्माकोलचे उंचवटे, त्यावर कागदाचा लगदा, मग डिंकावर चाळलेली माती. रंग शेवटी.

कोपरा कोणता? मी शिंद्यांच्या तोफा निवडीन. केळणा उतरून आलेला वेलस्ली जिंकला. त्याच्या फौजेतले 428 जण ठार झाले, त्यांत कंपनीचे हिंदी शिपाईही होते. ही मोजदाद झाली. शिंद्यांकडच्या मृतांचे नुसते अंदाज आहेत. त्यांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रूची रांग पुढे सरकताच उठून पुन्हा तोफा डागू लागले.

मुलांनो, तो उठणारा गोलंदाज आधी करा. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. फळीवर इंचभर जागा तरी त्याला मिळू द्या.