मरणारा आणि पाठवणारा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात आत्मघाती हल्ल्यासारखा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण हा विषय आपल्याच बैठकीतून निघाला. भजनानंतर बोलता बोलता एकीने विचारले, "ही माणसे वेडी असतात का हो?" त्यावर दुसरी म्हणाली, "वेडी कसली, त्यांची जातच तशी." ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि माझ्या समजुतीने दोन्ही चुकीची आहेत. तेव्हा आज त्याबद्दलच थोडे बोलावे म्हणते.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. १३ फेब्रुवारी २०१० रोजी आपल्या पुण्यात, कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ माणसे गेली. तो घातपात खरा, पण आत्मघाती हल्ला नव्हे. तेथे बाँब पिशवीत ठेवलेला होता आणि ठेवणारा निघून गेला होता. आत्मघाती हल्ल्यात मारणारा परत जाण्याचा विचारच करीत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे मुंबईत उतरलेले दहा तरुण या दुसऱ्या प्रकारचे. त्यांनी १६६ माणसे मारली. दहांपैकी नऊ जण तेथेच मेले आणि एकटा कसाब जिवंत सापडला. रीतसर खटला चालून, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील होऊन, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी त्याला आपल्या येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ती कथा आपल्या गावात येऊन संपली.

आता प्रश्न असा, की ही मुले वेडी होती काय? वेड्या माणसाला महिनोन् महिने शिकवून, होडीत बसवून, परक्या शहरात नेमक्या जागी पाठवता येत नाही. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांना अशा हल्लेखोरांत मनाचे रोगी फारसे आढळले नाहीत. कसाब हा पाकिस्तानी पंजाबातल्या एका खेड्यातला गरीब घरचा मुलगा. चौथीपर्यंत शिकला, मजुरीला लागला, बापाशी भांडून घराबाहेर पडला. अशी भांडणे आपल्या वाड्यांत आणि चाळींत का होत नाहीत? दारिद्र्यानेच माणूस असा होत असता, तर आपल्या देशातले एकही गाव सुरक्षित राहिले नसते.

एमिल दुर्खाइम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली, म्हणजे आपल्याकडे प्लेगाने कहर मांडला होता त्याच वर्षी, आत्महत्येवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने सांगितले, की काही माणसे समाजाशी असलेला धागा सैल झाल्यामुळे जीव देतात, तर काहींचा धागा इतका घट्ट असतो की समूहापुढे त्यांना स्वतःच्या जिवाची किंमतच वाटत नाही. मला वाटते, आत्मघाती हल्लेखोराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकामागून एक घडवून आणल्या जातात. घरापासून तुटलेला मुलगा आधी हेरायचा. मग त्याला नवे भाऊ, नवा गुरू, नवे नाव आणि मोठेपणाचे वचन द्यायचे. कोणाला स्वर्ग सांगायचा, कोणाला राष्ट्र, तर कोणाला झालेल्या अपमानाचा सूड. कालपर्यंत ज्याला कोणी विचारीत नव्हते, त्याला आज सांगायचे, की तुझ्यावाचून सगळे अडले आहे.

यात एकच धर्म दोषी आहे असे म्हणावे, तर इतिहास तसे सांगत नाही. १९४४ साली जपानी वैमानिक आपली विमाने शत्रूच्या जहाजांवर घेऊन कोसळले, ते सम्राटाच्या आणि देशाच्या नावाने. श्रीलंकेतल्या तमिळ वाघांनी १९८७ पासून असे अनेक हल्ले केले. त्यांना स्वतंत्र राज्य हवे होते, स्वर्गाचे आमिष त्यांच्यापुढे नव्हते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींचा बळी घेणारी तर एक तरुण स्त्री होती. हार घालून पाया पडण्याच्या निमित्ताने ती वाकली आणि कमरेचा स्फोटक पट्टा तिने उडवला. भगिनींनो, बाईच्या हातातल्या हाराचा आणि वाकून केलेल्या नमस्काराचा कोणी संशय घेत नाही, म्हणून तर तिची निवड झाली. स्त्रीवर समाजाचा जो विश्वास असतो, त्याचेच येथे हत्यार केले गेले.

निवड करणारा कोण, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक आत्मघाती हल्ल्यात आपल्याला मरणारा दिसतो, पाठवणारा मात्र दिसत नाही. मुंबईचा हल्ला चालू असताना पाकिस्तानातून टेलिफोनवर सूचना येत होत्या. ती संभाषणे ध्वनिमुद्रित झाली आणि पुढे न्यायालयात पुरावा म्हणून आली. जिवंत पकडले जायचे नाही, हे त्या मुलांना बजावले जात होते. बजावणारे स्वतः सुरक्षित खोलीत बसलेले होते. त्यांच्या दृष्टीने हा हिशेबाचा मामला होता. ज्याला परत आणायचे नाही, त्याच्या सुटकेची तजवीज करावी लागत नाही. शिवाय मेलेला माणूस साक्ष देत नाही. एकटा कसाब जिवंत राहिला, तर कट कोठे शिजला, शिक्षण कोठे झाले, होडी कोठून निघाली, हे सारे उजेडात आले. जे मरण एवढे पवित्र म्हणून शिकवायचे, ते पाठवणाऱ्याने स्वतःसाठी का राखून ठेवू नये? कोणा मुलाच्या कानी असा उपदेश पडला, तर त्याने उपदेशकाला हा एवढा एकच प्रश्न विचारावा.

कोणी म्हणेल, प्राण देणाऱ्यांचे पोवाडे आपणही गातो. शिवा काशीद, बाजीप्रभू हे मरण पत्करूनच उभे राहिले ना? मग फरक काय? याचे उत्तर गिरगाव चौपाटीवर त्याच रात्री मिळाले. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती. कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि ती सोडली नाही. त्यामुळे त्यांचे सोबती वाचले आणि कसाब हाती लागला. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. त्या रस्त्यावर मरणाला तयार असलेली दोन माणसे समोरासमोर आली होती. एक इतरांना मारण्यासाठी तयार होता, तर दुसरा इतरांना वाचवण्यासाठी. हुतात्मा कोणाला म्हणावे, हे आपल्या मुलांना समजावताना मला यापेक्षा चांगला धडा सुचत नाही.

आता समाजावर काय परिणाम होतो ते पाहू. गेलेल्यांची घरे उजाड होतात, हे तर आहेच. पण पाठवणाऱ्याला तेवढ्याने समाधान नसते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला भ्यावे, हेही त्याला हवे असते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे स्फोटकांनी भरलेली मोटार जवानांच्या गाडीवर घालण्यात आली आणि ४० जवान गेले. त्यांतले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे. महाराष्ट्र शोकात होता. त्याच आठवड्यात यवतमाळात शिकायला आलेल्या काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. त्या मुलांनी काय केले होते? अशी मारहाण झाली, की पाठवणाऱ्याचे उरलेले काम आपण फुकटात करून देतो. "पाहा, तुम्हाला तेथे थारा नाही" असे म्हणून पुढचा मुलगा गाठायला तो मोकळा होतो.

याच्या उलटही उदाहरणे आहेत. मुंबईत मेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुसलमानांच्या कब्रस्तानांच्या विश्वस्तांनी जागा नाकारली. निरपराधांना मारणारे आमचे नव्हेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ती प्रेते वर्षभराहून अधिक काळ शवागारात पडून होती. मरणारा ज्यांच्या नावाने मरतो, त्यांनीच त्याला मान नाकारला, तर पाठवणाऱ्याचे वचन खोटे ठरते. आपल्या पुण्यात 'सरहद' संस्थेने काश्मिरातील होरपळलेल्या घरांतली मुले आणून शिकवली. ज्या मुलाला पुण्यात घर आणि शाळा मिळाली, त्याला "तुझे कोणी नाही" हे कोणी कसे पटवणार?

आणि बायका काय करू शकतात, असे विचाराल तर कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे यांची आठवण ठेवा. त्या रात्री हल्लेखोर रुग्णालयात शिरले, तेव्हा त्यांच्या कक्षात वीस गर्भवती होत्या. त्यांनी दारे लावून घेतली, साऱ्या जणींना एका लहान खोलीत नेऊन बसवले, आणि वेणा सुरू झालेल्या एकीला भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहापर्यंत पोहोचवले. पुढे कसाबविरुद्ध साक्ष द्यायला त्या आपल्या परिचारिकेच्या गणवेशात गेल्या.

आपल्यावर असा प्रसंग येऊ नये. पण रोजची काही कामे आपल्या हातातली आहेत. घरातला तरुण मुलगा एकाएकी अबोल झाला, जुने मित्र टाकून एखाद्या नव्याच गुरूचे शब्द बोलू लागला, तर त्याच्यावर न ओरडता त्याच्याजवळ बसावे. बापलेकांचे भांडण विकोपाला जाण्याआधी आईने, आत्याने, शेजारणीने मध्ये पडावे. दूरध्वनीवर येणारा प्रत्येक भडक मजकूर पुढे धाडू नये. आणि आपल्या आळीत वर्षानुवर्षे बांगड्या भरायला येणाऱ्या चाचींकडे मागच्या वर्षापासून काही जणी जात नाहीत, असे माझ्या कानावर आले आहे. कोण जात नाही ते मी विचारणार नाही. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या बांगड्या मंडळाने त्यांच्याकडूनच घ्याव्यात, अशी सूचना मात्र मी मांडते. अध्यक्षबाईंनी ती मतास घालावी, अशी विनंती आहे.