प्लाझ्मा बदलताना



२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले. संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि धास्ती पसरली. अनेक रुग्णांच्या तपासणीत दूषित पाण्यातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आढळला. त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीज काही जणांत स्वतःच्याच नसांवर उलटतात. पाय लुळे पडतात, हात जातात, कधी श्वासही अडतो.

यावर उपचार दोन: इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शने किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन्ही सारखेच गुणकारी ठरले. तरीही ‘सगळं रक्त काढणार’ या भीतीने नातेवाईक सही करायला कचरतात आणि मोलाचे दिवस निघून जातात. खरा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत असतो.

सगळे रक्त कधीच काढत नाहीत. मान किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून रक्त थोडे थोडे यंत्रात जाते. पेशी परत येतात. नसांवर उलटलेल्या अँटिबॉडीज असलेला प्लाझ्मा टाकून देतात आणि त्याजागी अल्ब्युमिनचे द्रावण भरतात. दोन-तीन तासांचे एक सत्र, दिवसाआड अशी चार-पाच सत्रे.

धोके आहेत, ते लपवू नयेत. नळीतून जंतुसंसर्ग होऊ शकतो, रक्तदाब घसरतो. जीबीएसमध्ये तो आधीच चंचल असतो, म्हणून हे काम आयसीयूत, सरावलेल्या हातांनीच व्हावे. अल्ब्युमिनऐवजी दात्याचा प्लाझ्मा दिला, तर ॲलर्जीची शक्यता वाढते. प्लाझ्मासोबत रक्त गोठवणारे घटकही जातात, म्हणून मधल्या दिवशी तपासणी लागते.

सर्वांत जास्त आढळणारा त्रास मात्र साधा आहे. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळतात. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. अडचण अशी, की जीबीएसची सुरुवातही मुंग्यांनीच होते. रुग्णाला वाटते, आजारच वाढला, आणि तो गप्प राहतो. गप्प राहू नका. सिस्टरना लगेच सांगा. यंत्राचा वेग कमी करून, कॅल्शियम देऊन बहुतेक वेळा काही मिनिटांत बरे वाटते. दुर्लक्ष झाले, तर स्नायू आखडतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बोलताच येत नाही. त्याच्यासाठी कॅल्शियमची तपासणी आणि मॉनिटर हाच आवाज.

घरच्यांकडेही एक काम आहे. रुग्णाच्या चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्या. रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी सत्राच्या किमान २४ तास आधी थांबवावी लागते, नाहीतर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. रोजची इतर औषधे सत्रानंतर द्यायची का, तेही विचारा, कारण काही औषधे प्लाझ्माबरोबर वाहून जातात. इम्युनोग्लोब्युलिनचेही तसेच. ते देऊन लगेच प्लाझ्मा बदलला, तर महागडे औषध वाया जाते.